लॅपटॉप तापतोय? आधी वॅट बघा, मग पंखा

लॅपटॉप तापला की पहिला राग पंख्यावर निघतो. पण पंखा उष्णता फक्त बाहेर टाकतो. ती तयार होते प्रोसेसर जी वीज खातो तिच्यातून, आणि खाल्लेल्या वॅटची शेवटी उष्णताच होते. म्हणून कूलिंग पॅड आणायच्या आधी आकडे बघायचे.

‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडून उघडा. तीनच गोष्टींवर लक्ष ठेवा: प्रोसेसरचं तापमान, ‘सीपीयू पॅकेज पॉवर’चे वॅट आणि कोअरचा क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकेका गाभ्याचा वेग. आधी सगळं बंद ठेवून १० मिनिटं, मग नेहमीचं जड काम लावून १५ मिनिटं. पहिल्या अर्ध्या मिनिटावरून काही ठरवू नका. इंटेलचे प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ, बऱ्याच मशिनांत २८ सेकंद, पीएल२ या विजेच्या वरच्या मर्यादेवर धावतात आणि मग पीएल१ या कायमच्या मर्यादेवर उतरतात.

आता आकडे काय सांगतात ते बघू. काहीच चालू नसताना १० वॅट जात असतील तर मागे कुणीतरी कामाला लागलंय; टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, नाव वर येईल. बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन निघतं. जड कामात ९५ अंश दिसले, पण वॅट आणि क्लॉक स्थिर असतील तर घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरची कमाल मर्यादाच सहसा ९५ ते १०५ अंश असते. खरी गडबड असते ती ९५ अंशांवर अडकून १५ वॅटचा प्रोसेसर ९ वॅटवर घसरतो तेव्हा. उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे धूळ किंवा खराब झालेली पेस्ट (प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप). आणि तापमान ५० असूनही क्लॉक ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झच्या वर सरकत नसेल, तर तो तापण्याचा प्रश्नच नाही. बहुधा कमी वॅटचा किंवा न ओळखला गेलेला चार्जर, नाहीतर बिघडलेला सेन्सर प्रोसेसरला दाबून ठेवतोय. इथे पेस्ट बदलून काही होत नाही. आधी मूळ चार्जर लावून बघा.

वीज कमी करायचा सोपा उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून ‘चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’, मग ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण त्या एका टक्क्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जायची प्रोसेसरची सोय, बंद होतो. शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच क्लॉक ठेवून १.२ व्होल्टचे १.० व्होल्ट झाले तर सुमारे ३० टक्के वीज वाचते. तरी ९९ टक्के ही कुऱ्हाड आहे: इंटेलचा आय५-८२५०यू ३.४ गिगाहर्ट्झवरून थेट १.६ वर येतो. बॅटरीवर चालेल, प्लग लावल्यावर ‘थ्रॉटलस्टॉप’ या सॉफ्टवेअरच्या टीपीएल खिडकीत पीएल१ आणि पीएल२ खाली आणणं बरं. एएमडीच्या प्रोसेसरसाठी हेच काम ‘रायझेनअ‍ॅडज’ करतं.

अंडरव्होल्ट करायचं, म्हणजे प्रोसेसरला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज द्यायचं असेल तर कोअर आणि कॅश दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करा, अर्धा तास जड काम चालवा आणि मग १०-१० ने पुढे जा. मशिन गोठलं किंवा निळा पडदा आला की १५ मागे या. खात्री होईपर्यंत ही सेटिंग विंडोजबरोबर आपोआप लागू देऊ नका, नाहीतर मशिन चालू होता होताच अडकेल. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज बदलून हल्ला करू देणारी इंटेलची त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक मशिनांत बायोस (मशिन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने ही सोय बंद झाली. ‘लॉक्ड’ दिसलं तर सोडून द्या. एवढ्यासाठी जुना बायोस टाकणं शहाणपणाचं नाही.

आता धूळ. बाहेरून हवा मारून फारसं साधत नाही, कारण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध पिंजलेल्या कापसासारखी राखाडी पट्टी बसलेली असते. ती तिथेच हलते. मशिन बंद करा, खालचं झाकण काढा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पंख्याचं झाकण उघडून ती पट्टी चिमट्याने उचला. हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

पेस्ट बदलताना हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याशेजारच्या आकड्यांच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, म्हणून नुसता मधोमध ठिपका न ठेवता चारही कोपरे झाकतील असा पातळ थर पसरा. थर्मल पॅड (शेजारच्या चिपांवरची उष्णता वाहणारी मऊ पट्टी) फाटला तर तेवढ्याच जाडीचा घ्या. १ मिलिमीटरच्या जागी १.५ लावला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही. पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रव धातू, लावायच्या नादी लागू नका: ते वीज वाहून नेतं आणि अ‍ॅल्युमिनियम पोखरतं.

झाकण लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर जोडून मघाचीच १५ मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या. तापमान कदाचित तेच ९५ दिसेल, पण ९ वर अडकलेले वॅट १५ वर गेले असतील तर काम फत्ते. एकच कोअर बाकीच्यांपेक्षा १५ अंशांनी गरम दिसला तर हीटसिंक तिरका बसलाय. मशिन बंद करून बॅटरीचा कनेक्टर पुन्हा काढा, पेस्टचा नवा थर द्या आणि स्क्रू या वेळी आकड्यांच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा देत आवळा.