नाक धुण्यासाठी समुद्रजल: निवड, तयारी आणि खबरदारी

औषधांच्या दुकानात अलीकडे ‘समुद्रजल’ किंवा ‘सी वॉटर’ असे लिहिलेले नाकाचे फवारे सर्रास मिळू लागले आहेत. साध्या सलाईनच्या फवाऱ्यापेक्षा ते महाग असतात. त्यामुळे हे पाणी खरोखर अधिक गुणकारी आहे का आणि ते वापरणे कितपत सुरक्षित आहे, हे दोन्ही प्रश्न ग्राहकाला पडणे स्वाभाविक आहे. नाक धुण्याचा गुण मुख्यतः पाण्याच्या प्रमाणात आणि त्यातील मिठाच्या तीव्रतेत असतो, तर सुरक्षितता ही ते पाणी किती निर्जंतुक आहे यावर ठरते. मीठ समुद्रातून आले की पुड्यातून, हा मुद्दा त्या मानाने दुय्यम आहे.

बाटलीतील समुद्रजल हे समुद्रातून जसेच्या तसे भरून आणलेले पाणी नसते. समुद्राच्या पाण्यात सरासरी साडेतीन टक्के, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या रक्ताशी समतोल राखणारे मिठाचे प्रमाण मात्र ०.९ टक्के आहे. म्हणून उत्पादक हे पाणी गाळून निर्जंतुक करतात आणि त्यात शुद्ध पाणी मिसळून किंवा विजेच्या साहाय्याने क्षार वेगळे करून त्याचा खारटपणा उतरवतात. वेष्टनावर ‘आयसोटोनिक’ असे लिहिले असेल, तर त्यातील मिठाचे प्रमाण ०.९ टक्क्याच्या आसपास असते. ‘हायपरटोनिक’ असेल, तर ते त्याहून अधिक, बहुधा दीड ते तीन टक्के असते. रोजच्या वापरासाठी आयसोटोनिक पुरेसे आहे. नाक अतिशय चोंदलेले असताना हायपरटोनिक पाणी सूज काहीशी ओढून घेते, परंतु ते चुरचुरते आणि काहींना त्याने नाक गळू लागते, त्यामुळे ते थोडे दिवसच वापरावे.

समुद्रजलात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट असते, हा त्याच्या जाहिरातीतील मुख्य दावा आहे आणि तो खोटा नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नाकाच्या पेशींवर या खनिजांचा अनुकूल परिणाम दिसून आला आहे. माणसांवरील पुरावा मात्र जपून वाचावा लागतो. २००८ साली चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी सहा ते दहा वर्षे वयाच्या ४०१ मुलांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सर्दी-फ्लूच्या नेहमीच्या उपचारांना आयसोटोनिक समुद्रजलाची जोड दिलेल्या मुलांचे नाक लवकर मोकळे झाले आणि पुढील आठवड्यांत त्यांना औषधेही कमी लागली. परंतु तेथे तुलना केवळ नेहमीच्या उपचारांशी होती, साध्या मिठाच्या पाण्याशी नव्हती. म्हणून त्या चाचणीतून नाक धुणे उपयुक्त असल्याचे दिसते, समुद्रजल सलाईनपेक्षा श्रेष्ठ असल्याचे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १३,७९९ प्रौढांच्या चाचणीत, श्वसनमार्गाच्या संसर्गाची चाहूल लागताच मिठाच्या पाण्याचा फवारा वापरणाऱ्यांचे सहा महिन्यांतील आजारपणाचे दिवस सरासरी ६.४ भरले, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ८.२. ॲलर्जी आणि जुनाट सायनसच्या त्रासातही नाक धुण्याने आराम पडतो, मात्र त्याविषयीच्या अभ्यासांचा दर्जा फारसा उंच नाही. या सर्वांवरून, परवडत असेल आणि फवारा सोयीचा वाटत असेल तर समुद्रजल अवश्य घ्यावे. खनिजांसाठी चौपट किंमत मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

दुकानातून फवारा घेताना आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. नाक चटकन मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन हे औषध असलेले फवारे त्याच फळीवर, अगदी सारख्या बाटल्यांत ठेवलेले असतात. ते काही दिवसांहून अधिक वापरले, तर औषधाचा अंमल ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि मग बाटली सुटता सुटत नाही. समुद्रजलाच्या बाटलीवर घटक म्हणून समुद्रजल आणि शुद्ध पाणी एवढेच असावे. परिरक्षक द्रव्य नसलेली बाटली अधिक बरी.

समुद्रकिनाऱ्यावरून पाणी भरून आणून ते नाकात घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. एक तर ते पाणी शरीराच्या मानाने जवळपास चौपट खारट असते. दुसरे म्हणजे, मुंबईसारख्या शहराचे सांडपाणी वरळी आणि वांद्रे येथील बोगद्यांतून समुद्रातच सोडले जाते. शिवाय स्वच्छ दिसणाऱ्या कोकणातील किनाऱ्यावरही व्हिब्रिओसारखे खाऱ्या पाण्यातले जिवाणू असतातच. उकळल्याने जंतू मरतील, पण खारटपणा वाढेल आणि रसायने तशीच राहतील. मिठागरातील जाडे मीठ वापरण्याविषयीही हेच म्हणता येईल: त्यात माती आणि इतर गाळ असतो.

घरी द्रावण करायचे असल्यास जोखीम मिठापेक्षा पाण्यात अधिक असते. नेग्लेरिया फौलेरी हा अमीबा गोड्या पाण्यात वाढतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो तग धरत नाही. तो प्यायलेल्या पाण्यातून पोटात गेला तर अपाय करत नाही, पण नाकावाटे आत शिरला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्याचा संसर्ग बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेतीपात्र, म्हणजे नाक धुण्याचे तोटीचे भांडे, वापरणाऱ्या दोघांचा याच संसर्गाने मृत्यू झाला. केरळमध्येही अलीकडच्या वर्षांत अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. हे संसर्ग विरळ आहेत, परंतु ते टाळणे इतके सोपे आहे की हयगय करण्याला काही निमित्त उरत नाही.

नाक धुण्यासाठीचे पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. आरओचे पाणी किंवा विकतच्या बाटलीतील पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते, म्हणून तेही उकळावे. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम, म्हणजे पाव लिटरला सव्वादोन ग्रॅम मीठ लागते. चमच्याचा अंदाज फसतो, कारण बारीक आणि खड्याचे मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे भरते. स्वयंपाकघरातील लहान डिजिटल काटा येथे कामी येतो. मीठ शुद्ध आणि शक्यतो आयोडीनविरहित असावे, आणि चुरचुर कमी व्हावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो. द्रावण त्याच दिवशी संपवावे. ज्यांना हा व्याप नको, त्यांनी औषधाच्या दुकानातून ०.९ टक्क्याची निर्जंतुक सलाईनची बाटली आणावी. ती स्वस्त पडते, फक्त उघडल्यानंतर चोवीस तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी.

धुण्याची पद्धत जलनेतीचीच आहे, आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या योगसंस्थांत ती शिकलेल्यांना हे परिचित असेल. बेसिनवर किंचित वाकून डोके एका बाजूला कलते करावे, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत नळीचे टोक टेकवून पाणी हलके सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. पिळण्याची बाटली असेल तर ‘क-क-क’ असा उच्चार करत राहिल्यास टाळू वर उचलला जातो आणि पाणी घशात उतरत नाही. जोर लावू नये; दाबाने पाणी कानाच्या नळीत जाते आणि कान दुखतो. प्रत्येक बाजूला शंभर ते अडीचशे मिलिलिटर पाणी पुरते. नंतर पुढे वाकून पाणी निथळू द्यावे आणि एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. तासाभराने वाकल्यावर अचानक थोडे पाणी गळले तर घाबरू नये. ते सायनसमध्ये साचलेले असते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला असेल, तर तो धुतल्यानंतर काही मिनिटांनी मारावा, आधी मारल्यास तो वाहून जातो.

भांडे दर वेळी साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने खंगाळून पूर्ण कोरडे करावे. घरात सर्वांनी एकच टोक वापरू नये. लहान मुलांसाठी पात्राऐवजी थेंब किंवा मऊ फवारा घ्यावा.

कान दुखत असताना, वारंवार नाकातून रक्त येत असताना, किंवा नाक-कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाक धुऊ नये. प्रतिकारशक्ती क्षीण करणारी औषधे घेणाऱ्यांनी घरी केलेल्या द्रावणाऐवजी सीलबंद निर्जंतुक द्रावणच वापरावे. न उकळलेले पाणी नाकात गेल्यानंतरच्या काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान आखडणे अशी लक्षणे दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे आणि पाणी नाकात गेल्याचे न विसरता सांगावे, कारण ही माहिती मिळाली नाही तर डॉक्टर अमीबाची तपासणी करतीलच असे नाही.