औशाहून वांद्र्याला: सांकेतिक भाषेची दुभाषी कसं व्हायचं

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. निलंग्याहून, परळीहून, जिंतूरहून. "ताई, ते बातम्यांत कोपऱ्यात उभं राहून हात हलवतात ना, तो कोर्स कुठं असतो?" प्रत्येकीशी तासभर बोलणं होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

कोर्सचं नाव डिप्लोमा इन इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशन. सगळे त्याला 'डिस्ली' म्हणतात. बारावीनंतर दोन वर्षं, शाखा कोणतीही चालते. मी कला शाखेची. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ साली सुरू झालेलं. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, १९८३ पासूनची. दुसरीकडं कुठं प्रवेश घ्यायचा झाला तर त्या कॉलेजला हा कोर्स चालवायची भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघा. तीन महिन्यांत सर्टिफिकेट देणारे क्लास भाषा शिकायला चांगले असतील, पण तेवढ्यावर कोर्टात उभं राहता येत नाही. फी, वसतिगृह, तारखा हे सगळं त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. आणि घरात कर्णबधिर भाऊ-बहीण असेल तर त्यांनाही सांगा, की सांकेतिक भाषा शिकवण्याचा डिप्लोमा खास त्यांच्यासाठी आहे. मला वांद्र्यात शिकवणाऱ्यांतले सगळ्यात कडक सर स्वतः कर्णबधिर होते.

आता खरं काम. फॉर्म भरायच्या आधी निदान सहा महिने कर्णबधिर माणसांत जाऊन बसा. लातूरला रविवारी संध्याकाळी गंजगोलाईजवळच्या एका चहाच्या टपरीवर पंधरावीस जण जमतात, तुमच्या गावातही असा कट्टा असेलच. कर्णबधिर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना विचारा, ते दाखवतील. पहिले चार रविवार काही कळणार नाही. तरी जा. कुणी विनोद केला आणि सगळे हसले, तर हसल्याचं सोंग करू नका, "परत सांगा" म्हणा. लोक कौतुकानं परत सांगतात. यूट्यूबवर दिल्लीच्या केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश आहे, त्यातून रोज दहा शब्द घ्या. पण कोशातून शब्द मिळतात, भाषा मिळते ती टपरीवर.

माझा थोरला भाऊ जन्मापासून कर्णबधिर. आमच्या घरच्या खुणा होत्या. कपाळावर दोन बोटं शिंगांसारखी धरली की पोळा, दातानं सोलल्यासारखं केलं की ऊस, आणि मामा म्हणजे फेटा. मला वाटायचं, मला ही भाषा येतेच. वांद्र्याला पहिल्याच आठवड्यात कळलं, की मला आमच्या वाड्यापुरती येत होती. घरच्या खुणा टाकून देऊ नका, खेड्यातल्या न शिकलेल्या माणसाशी बोलताना त्याच कामाला येतात. पण भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून हातावर मांडलं की ती भाषा होत नाही. वेळ आधी सांगायची, प्रश्न शेवटी. 'काय'ची एकच खूण असते. चेहऱ्याच्या खुणेला ती जोडली की 'कोण', जागेच्या खुणेला जोडली की 'कुठं'. "तू जेवलास" आणि "तू जेवलास का" यात हात तेच राहतात, फक्त डोळे मोठे होतात आणि मान पुढं येते. आपल्याकडं मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं की तोंड वेडंवाकडं करू नये. ते सगळं इथं विसरावं लागतं. मला त्यालाच तीन महिने लागले.

नावं बोटांनी लिहायची, दोन्ही हात वापरून, इंग्रजी अक्षरांत. पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर असतात, अंगठा ए आणि करंगळी यू. औसा लिहायचं तर अंगठ्याला स्पर्श, करंगळीला स्पर्श, दोन करंगळ्या एकमेकींत अडकवायच्या, परत अंगठा. एसटीत बसल्या बसल्या रस्त्यावरच्या पाट्या अशा लिहीत चला. पण खरी परीक्षा समोरच्यानं लिहिलेलं वाचताना होते. तसंच, आवाजावरून हातावर आणणं लवकर जमतं, हातावरून आवाजात आणायला दुप्पट मेहनत लागते. त्यासाठी मराठी पक्की हवी. मोठ्यानं वाचायची सवय ठेवा.

यापेक्षा अवघड जे आहे, ते मी कोर्सला जायच्या आधीच्या एका प्रसंगावरून सांगते. दादाच्या पोटात दुखत होतं, मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारत होते आणि मीच उत्तरं देत होते. किती दिवसांपासून? चार दिवस. आधी काही औषध घेतलं? नाही. दादा काहीतरी सांगायला हात उचलत होता. मी त्याचा हात धरून खाली दाबला, "थांब, मी सांगते ना." घरी आल्यावर कळलं, दाढ दुखते म्हणून तो तीन आठवडे मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खात होता. तेच तो सांगत होता. कोर्समध्ये हा प्रसंग मी वर्गात सांगितला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "तू त्याचं तोंड दाबलंस."

त्यामुळं 'मी'चा नियम घोकून घ्या. कर्णबधिर माणूस म्हणाला "मला दुखतंय" तर तुम्हीही "मला दुखतंय"च म्हणायचं, "त्यांना दुखतंय" नाही. अधिकारी म्हणाला "यांना जरा समजावून सांगा" तर तेही जसंच्या तसं हातावर जायला हवं. मनानं काही गाळायचं नाही, गोड करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आपल्याकडं मदत करायची सवय इतकी, की हेच सगळ्यात जड जातं.

बाकी गोष्टी लहान, पण चुकवू नका. अंगावर एकरंगी, आपल्या हाताच्या रंगापासून वेगळा दिसणारा कपडा हवा. बांगड्या, अंगठ्या, मेंदी नको. बोलणाऱ्याच्या शेजारी, कर्णबधिर माणसाच्या समोर उभं राहायचं, पाठीमागं खिडकी नको. कार्यक्रम लांबलचक असेल तर दोघी जा आणि पंधरावीस मिनिटांनी बदला, नाहीतर डोकं थकतं आणि हात नुसतेच हलत राहतात. मानधन आणि एसटीचं भाडं आधी बोलून घ्या.

कोर्टाचं काम मराठवाड्यात मिळतं आणि ते करायलाच हवं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणं, न बोलू शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब घेताना कोर्टानं दुभाषी किंवा विशेष शिक्षक घ्यायचा आणि जबाबाचं चित्रीकरण करायचं असतं. आधी वकिलांबरोबर बसून त्या साक्षीदाराला नक्की कोणत्या खुणा येतात ते बघायला वेळ मागा. शाळेत न गेलेली बाई असेल तर तिच्या खुणा तुम्हाला नव्यानं शिकाव्या लागतील, आणि कळलं नाही तर "मला कळलं नाही" हे न्यायाधीशांना स्पष्ट सांगावं लागेल.

घरच्या माणसाचं काम मात्र घेऊ नका. गेल्या वर्षी दादाला जमिनीच्या फेरफारासाठी तहसीलला जायचं होतं. त्या सात-बारावर माझंही नाव आहे. मी नांदेडच्या मैत्रिणीला बोलावलं आणि स्वतः बाहेर लिंबाखाली बसले. पाऊण तासानं दोघं बाहेर आले. आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी जेवण झाल्यावर दादानं मला समोर बसवलं आणि सगळं स्वतः सांगितलं, हात धुतलेले अजून ओलेच होते.