मेपलला तोटी कुठे लावायची? या चुका टाळा

मेपलच्या खोडातला गोडसर रस आटवून सिरप करतात. त्या रसासाठी गेल्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या परसातल्या सर्वांत जुन्या मेपलला भोक पाडलं. ड्रिलबरोबर बाहेर आलेला भुसा तळहातावर घेतला, तर तो तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. चांगल्या लाकडाचा भुसा ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा आणि दमट असतो. मनात शंका आली, तरी भोकात तोटी, म्हणजे रस बाहेर आणणारी छोटी नळी, ठोकली आणि बादली अडकवली. पुढचे आठ दिवस शेजारच्या झाडाची बादली रोज भरत होती, हिचा मात्र तळसुद्धा झाकला गेला नाही.

मेपलवर केलेली जखम आतून भरून येत नाही. झाड ती कोंडून टाकतं. भोकाभोवतीचं लाकूड कायमचं बंद होतं आणि त्यातून पुन्हा कधी रस वाहत नाही. बाहेरून दोन-तीन वर्षांत नवी साल येऊन भोक मिटतं, म्हणून झाड पहिल्यासारखं झालं असं आपल्याला वाटतं. जुन्या झाडाचा ओंडका उभा फोडला की आतली गोष्ट दिसते: भोकापेक्षा थोडा रुंद तपकिरी पट्टा, वर-खाली मिळून फूट-दीड फूट, कधी त्याहून लांब. माझं भोक नेमकं अशाच एका पट्ट्यात गेलं होतं.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुन्या भोकाच्या सरळ वर किंवा सरळ खाली नवं भोक पाडणं. बाजूला किमान दोन इंच सरका, जागा असेल तर चार-सहा इंच, आणि उंचीही बदला. दरवर्षी असं तिरकं सरकत खोडाला वळसा घालत गेलात, तर पहिल्या जागेजवळ परत येईपर्यंत झाडाने बरंच नवं पांढरं लाकूड धरलेलं असतं. आपल्याकडे शिंदीचा रस काढणारेही दरवर्षी खाच एकाच बाजूला घेत नाहीत. झाड वेगळं, रस वाहण्याची रीतही वेगळी, पण खोडाला विसावा द्यायचा हा विचार मला फार जवळचा वाटतो.

दुसरी चूक दक्षिणेच्या मोहाची. ऊन लागतं म्हणून दक्षिणेकडून रस आधी सुरू होतो, हे खरं. पण त्या बाजूचा बहर बऱ्याचदा आधी ओसरतोही. सगळेच दक्षिणेला, तेही कंबरेएवढ्या सोयीच्या उंचीवर भोकं पाडत राहतात आणि दहा वर्षांत त्या पट्ट्यात पांढरं लाकूड शिल्लकच राहत नाही. जाड फांदीच्या खाली किंवा मोठ्या मुळाच्या वर जागा मिळाली तर घ्या, पण तिथलं लाकूड ताजं असेल तरच. मोडलेली फांदी, चीर किंवा सुटलेली साल दिसली तर तिथून लांब राहा.

घेर आणि व्यास यांत गल्लत करू नका. एका तोटीसाठी व्यास 10 ते 12 इंच हवा, म्हणजे टेप गुंडाळली तर घेर साधारण 32 ते 38 इंच भरला पाहिजे. दुसरी तोटी घेर 56 इंचांच्या पुढे गेल्यावरच. बारीक झाडाला दोन तोट्या लावल्या तर रस दुप्पट होत नाही, जखमा मात्र दुप्पट होतात.

भोक 5/16 इंचाचं, सालीपासून आत दीड ते दोन इंच, किंचित वर चढतं. ड्रिलच्या पात्यावर रंगीत टेप लावून ठेवा, अंदाज चुकणार नाही. पातं धारदार आणि स्वच्छ असू द्या. तोटी हळूहळू ठोका. टकटक आवाज जड, बसका झाला की थांबा. त्यापुढे ठोकलंत तर लाकूड उभं तडकतं आणि रस बादलीऐवजी सालीवरून ओघळतो. कडाक्याच्या थंडीत गोठलेलं लाकूड तर हमखास तडकतं.

बादली कोरडी दिसली म्हणून लगेच दुसरं भोक पाडू नका. आधी हवामान बघा. रात्री शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंश, असा चढउतार नसेल तर उत्तम जागेची तोटीही कोरडीच राहते. हवा जुळलेली असून रस येत नसेल, तर तोटीभोवतीची साल ओली आहे का ते हात लावून पाहा. ओली असेल तर गळती आहे, तोटी अगदी हलकेच आत बसवा.

शुगर मेपल या जातीच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के. काकवीसारखं दाट एक लिटर सिरप हवं तर चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो, म्हणून एकेका तोटीची जागा जपायची. यंदा मी प्रत्येक झाडाची वही केली आहे: बाजू, जमिनीपासून उंची, भुशाचा रंग. उंची जमिनीपासूनच मोजा, बर्फावरून नाही. तीन फूट बर्फावर उभं राहून पाडलेलं भोक एप्रिलमध्ये डोक्याच्या वर जातं आणि पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही.