सेप्सिसमधली प्रतिकारशक्ती: या चुका टाळा

ताप उतरला, आता काळजी नाही, असं घरचे म्हणतात आणि नेमकं तिथेच फसतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, अंग थंडही पडतं. तापमान ३६ अंश सेल्सिअसखाली गेलं किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशी (दर मायक्रोलिटरला) ४,०००च्या खाली आल्या, तर तो सुधारणेचा पुरावा नव्हे. श्वास वाढलाय का, लघवी कमी झालीय का, माणूस असंबद्ध बोलतोय का, ते आधी बघा.

माझ्या मते याहून मोठी चूक आहे ती सेप्सिसला निव्वळ 'सायटोकाइनचं वादळ' (दाह भडकवणाऱ्या रासायनिक संदेशांचा पूर) समजण्याची. आधी प्रतिकारशक्तीचा भडका, मग तिची मरगळ असं पूर्वी शिकवायचे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी चालू असतात. एकीकडे दाह अवयव पोळत असतो, दुसरीकडे लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) झपाट्याने मरतात. त्यांच्यातल्या उरलेल्या टी-पेशी थकतात. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन घटतं, त्यामुळे जंतूची ओळख पटवून देण्याचं कामच मंदावतं. म्हणून पहिल्या संसर्गातून वाचलेल्या रुग्णाला आयसीयूतच न्यूमोनिया किंवा कॅन्डिडा (एक बुरशी) गाठतो, कधी शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला सीएमव्ही हा विषाणू जागा होतो.

तेव्हा सुधारलेला रुग्ण आठवड्याभरात पुन्हा ढासळला, तर नुसतं अँटिबायोटिक बदलून थांबू नका. कुठे पू साचून राहिलाय का? सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) दूषित आहे का? बुरशी? लिम्फोसाइट दिवसेंदिवस कमीच राहत असतील तर तो इशारा आहे. साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) हा आकडा असतो, पण नजर सगळ्यांची एकूण पांढऱ्या पेशींवर.

सगळ्यांना एकच औषध, ही चूक तर संशोधकांनीही केली. टीएनएफ हे दाह वाढवणारं सायटोकाइन रोखणारी औषधं मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध २००१ मध्ये मंजूर झालं, २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. याच्या उलट, इंटरल्यूकिन-७ हे सायटोकाइन दिल्यावर लिम्फोसाइट वाढतात हे चाचणीत दिसलं, तरी ते अजून नेहमीच्या उपचारात नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती भडकलीय की खचलीय, हे मोजल्याशिवाय ती दाबणं किंवा चेतवणं म्हणजे अंधारात तीर. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडही (दिवसाला २०० मिग्रॅ) सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, रक्तदाब टिकवणारं औषध चालूच ठेवावं लागत असेल तेव्हाचं. ताप दिसला की द्यायचं नव्हे.

कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना आधी घ्या, पण रिपोर्टची वाट बघू नका. शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

घरी सोडल्यावरही काही महिने प्रतिकारशक्ती कमकुवत राहू शकते. या काळात ताप आला, तर 'दोन दिवस बघू' म्हणू नका.