नव्या सुपरवायझरने आपले वजन कुठे वापरावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ज्याची नुकतीच सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणाऱ्या माणसांनी आज आपले का ऐकावे. बहुतेक जण यावर आवाज चढवण्याचा उपाय करतात आणि आठवडाभरात तो आवाज कोणाच्या कानावर येईनासा होतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी परंपरेतून येणारा, नियमांतून येणारा आणि व्यक्तीच्या वलयातून, म्हणजे करिष्म्यातून येणारा, असे अधिकाराचे तीन प्रकार मांडले. त्यांपैकी नियमाचा अधिकार नेमणूकपत्राबरोबर हातात पडतो. करिष्म्याचा अधिकार मात्र समोरच्यांनी मानला तरच टिकतो, हे वेबर यांनी आवर्जून नोंदवले आहे.

ही देणगी जन्मजातच असते असे मानण्याचे कारण नाही. लोझान विद्यापीठातील जॉन अँटोनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दृष्टान्त देणे, गोष्ट सांगणे, मोठे उद्दिष्ट ठेवून ते गाठता येईल असा विश्वास दाखवणे, अशा युक्त्या शिकवलेल्या व्यवस्थापकांचा प्रभाव इतरांना वाढलेला जाणवला. शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत हे करता येते. ‘रिजेक्शन (बाद होणारा माल) कमी झाले पाहिजे’ एवढेच म्हणण्याऐवजी, काल ब्लोहोलमुळे, म्हणजे वायूने पडलेल्या छिद्रामुळे, बाद झालेली एक कास्टिंग (ओतीव वस्तू) सर्वांसमोर ठेवावी, साच्याच्या वाळूतील ओलावा वाढल्याने ते छिद्र कसे पडले हे दाखवावे, आज ओलावा कोण तपासणार त्याचे नाव घ्यावे आणि आपण स्वतः किती वाजता पाहायला येणार तेही सांगावे. सांगितलेल्या वेळेला न चुकता जावे. पहिल्या महिन्यात भाषणापेक्षा या फेरीनेच अधिक छाप पडते.

आत्मविश्वासाविषयी बराच गैरसमज आहे. सर्व काही ठाऊक असल्याचा आव आणणे म्हणजे आत्मविश्वास, अशी समजूत करून घेतलेला माणूस भट्टीजवळ धोकादायक ठरतो. ‘हे मला माहीत आहे’, ‘हा माझा अंदाज आहे’ आणि ‘हे मला माहीत नाही, दुपारपर्यंत विचारून सांगतो’ ही तीन वाक्ये वेगवेगळी ठेवण्याची सवय लावावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्यावरचे भंगार भिजते, आणि ओले भंगार वितळलेल्या धातूत पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू बाहेर उसळतो. अशा वेळी ‘थांबा, माल ओला आहे’ असे सर्वांत नवख्या हेल्परला सुपरवायझरच्या तोंडावर म्हणता आले पाहिजे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९९ साली कामाच्या गटांतील ज्या मानसिक सुरक्षिततेचा अभ्यास मांडला, ती हीच. म्हणून त्याने थांबवले तर काम थांबवून आधी माल पाहावा आणि त्याची शंका चुकीची निघाली तरी सर्वांदेखत त्याचे आभार मानावेत. तेथे एकदा जरी खेकसलात, तरी पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

वलय अति वाढले तर तेही नडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिशय करिष्मा असलेल्या नेत्यांपेक्षा मध्यम करिष्म्याचे नेते सहकाऱ्यांना अधिक परिणामकारक वाटले. पहिल्या गटाचे रोजच्या कामाच्या तपशिलाकडे दुर्लक्ष होत असे.

वजन स्वतःपुरते न ठेवता दुसऱ्याला कसे द्यावे, याचा धडा कोल्हापूरकरांना दूर शोधावा लागत नाही. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात अस्पृश्यतेमुळे कोणी चहा प्यायला जाईना, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि सोबतच्यांनाही तो घ्यायला लावत. आदेश काढूनही जे साधले नसते, ते त्यांच्या चहा पिण्याने साधले. फाउंड्रीत याचे रूप साधे आहे : ज्या मोल्डरचे, म्हणजे साचा बनवणाऱ्या कामगाराचे, कोणी ऐकत नाही, त्याची सूचना योग्य असेल तर ती त्याचे नाव घेऊन अमलात आणावी.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे तालमीत म्हणतात. कारखान्यात मात्र तो डावही शिकवून टाकावा. दोन-तीन महिन्यांनी शिफ्टची बैठक हाताखालच्या माणसाला घेऊ द्यावी, आपण मागे उभे राहावे आणि मध्येच त्याची दुरुस्ती करण्याची खुमखुमी आली, तर बैठक संपेपर्यंत ती दाबून ठेवावी.