नियम जागेवर, मोजणी मात्र शून्य

गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाच्या लिनक्स सर्व्हरवर मी यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे फायरवॉलचे नियम लिहायच्या सोप्या साधनात, नियम घातला: पोर्ट ५४३३ ऑफिसच्या पत्त्याखेरीज सगळ्यांना बंद. त्या पोर्टामागे डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू होता. रात्री घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघितलं, तर डेटाबेस पासवर्ड मागत होता. पोटात गोळाच आला.

अशा वेळी नियम खोडून पुन्हा लिहीत बसू नका. आधी मोजणी बघा. यूएफडब्ल्यूचे नियम शेवटी आयपीटेबल्समध्येच जातात; त्याची सविस्तर यादी काढली की प्रत्येक नियमाच्या डावीकडे दोन आकडे येतात, पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) आणि बाइट. ते शून्यावर आणा, बाहेरून एकदा जोडून बघा, यादी पुन्हा काढा. माझ्या नियमासमोर शून्य तसंच होतं. म्हणजे पॅकेट एकतर आधीच्या एखाद्या नियमात निकाली निघालं, नाहीतर त्या वाटेने आलंच नाही.

तपासणी बाहेरूनच करायची. सर्व्हरवर बसून त्याच्याच पत्त्याला जोडलं तर पॅकेट लूपबॅकवरून, म्हणजे मशीनच्या आतल्या आतच, जातं आणि त्या निकालाला काही अर्थ उरत नाही. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) पॅकेट दिसलं म्हणजे फायरवॉलने सोडलं असंही नाही, येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधीच दिसतं. ते कुठल्या इंटरफेसवर (मशीनच्या नेटवर्क जोडणीवर) आणि कुठल्या पत्त्यावरून आलं, एवढं मात्र तिथे पक्कं कळतं.

माझी चूक वाटेची होती. पोर्ट पब्लिश केला, म्हणजे कंटेनरबाहेर खुला केला, की डॉकर नॅट टेबलच्या (पत्ते बदलणारे नियम) प्रीराउटिंगमध्येच, पॅकेटची पुढची वाट ठरण्याआधीच, पत्ता बदलतो: सर्व्हरचा ५४३३ जाऊन कंटेनरचा १७२.१७.०.२, पोर्ट ५४३२. आता ते पॅकेट सर्व्हरसाठी उरलं नाही, ते फॉरवर्डमधून, म्हणजे दुसरीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या साखळीतून, पुढे जातं. माझा नियम इनपुटमध्ये, सर्व्हरसाठीच आलेल्या पॅकेटांच्या साखळीत. पहारा पुढच्या दारावर आणि ये-जा परसदारातून.

अशा नियमांसाठी डॉकरने डॉकर-यूजर नावाची साखळी ठेवली आहे. तिथे मी ५४३३ अडवला. पुन्हा शून्य! कारण तिथे पोचेपर्यंत पॅकेटवर ५४३२ लिहिलेलं असतं. ५४३२ अडवला तर पोस्टग्रेसचे बाकीचे कंटेनरही अडकतील, म्हणून जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉनट्रॅक मॉड्यूलला मूळ पोर्ट विचारायचा. नियम असा झाला: ईथ-शून्य या बाहेरच्या इंटरफेसवरून आलेलं, मूळ पोर्ट ५४३३, ऑफिसचा पत्ता सोडून, ड्रॉप (टाकून द्या). यातला इंटरफेस गाळू नका. मूळ पोर्टाची अट परतीच्या पॅकेटांनाही लागू होते, आणि त्यांचा उगम कंटेनर असतो, ऑफिस नव्हे. इंटरफेस नसेल तर ऑफिसला जाणारं उत्तरही गडप होतं.

नियम साखळीच्या शेवटी जोडू नका, वर घाला. डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांत त्या साखळीच्या तळाशी रिटर्न (साखळीतून परत फिरा) असतो, त्याच्या खालचं काही वाचलंच जात नाही.

पुन्हा हॉटस्पॉटवरून जोडलं. मोजणी ३, जोडणी नाही.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) वेगळं तपासा. त्याचे नियम आयपी६टेबल्समध्ये असतात, आणि आपल्याकडे मोबाईल डेटावर आयपीव्ही६ सर्रास मिळतं. डेटाबेस त्याच मशीनवरच्या अ‍ॅपलाच लागत असेल, तर पोर्ट १२७.०.०.१ वरच, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावरच, पब्लिश करा. या ग्राहकाला ऑफिसातून जोडणी हवी होती, म्हणून हा एवढा खटाटोप.