लाइन तुंबली तर बोली कशी निवडायची

वीजवाहिनीवर भार मावेनासा झाला (यालाच ‘गर्दी’ म्हणतात) की आपल्याकडचा सरावाचा उपाय म्हणजे फिडर, म्हणजे एखाद्या भागाला वीज देणारी लाइन, बंद करणे. दुसरा उपाय गिऱ्हाइकांनाच विचारण्याचा: उद्या संध्याकाळी दोन तास किती मेगावॉट सोडाल आणि काय दर घ्याल? नेदरलँड्समध्ये ‘गोपॅक्स’ हा वाहिनीवाल्यांचा मंच २०१९पासून अशा बोल्या जुळवते. आपल्या केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२च्या सहायक सेवा नियमांतही गर्दी सोडवणे हा एक उद्देश आहेच. चाकणच्या पट्ट्यात असा लिलाव मांडायचा तर हिशोब कसा करायचा, ते पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

आधी मर्यादा ठरवा. तारेवर छापलेली क्षमता इथे कामाची नाही. शेजारची वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तरी हिच्यावर जेवढे निभेल, तेवढीच खरी मर्यादा. तीही अँपिअरमध्ये असते, म्हणून पॉवर फॅक्टर (एकूण भारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) बघा: २१२ मेगावॉट ०.९२ला म्हणजे तारेवर एकूण भार सुमारे २३० एमव्हीए. कधीकधी उपकेंद्रातली पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक चालू केली तरी निम्मे दुखणे फुकटात जाते. मग लिलाव कशाला?

समजा मर्यादा २०० मेगावॉट आणि उद्या सात ते नऊचा अंदाज २१२. म्हणजे १२ उतरवायचे. तीन बोल्या आल्या:

क: १० मेगावॉट, ६ रुपये युनिट, परिणाम ०.३
ख: ८ मेगावॉट, ९ रुपये, परिणाम ०.७५
ग: १० मेगावॉट, ८ रुपये, परिणाम ०.८

‘परिणाम’ म्हणजे त्या ठिकाणी १ मेगावॉट कमी केला की आपल्या वाहिनीवरचे किती उतरतात. जाळ्यात वीज अनेक वाटांनी येते. ‘क’ची बरीचशी दुसऱ्याच वाटेने येत असते. हा आकडा लोड फ्लोमधून, म्हणजे जाळ्यातल्या प्रवाहाच्या संगणकी हिशोबातून काढा: त्या बसवर (जोडणीच्या ठिकाणी) १० मेगावॉट कमी करा, तेवढीच निर्मिती एका ठरलेल्या केंद्रात कमी करा, वाहिनीवरचा फरक दहाने भागा. ते केंद्र सगळ्या बोल्यांसाठी एकच ठेवा, नाहीतर तुलनाच बिघडते. वाहिन्यांची जोडणी बदलली की आकडे पुन्हा काढायचे.

आता दराला परिणामाने भागा. क २० रुपये, ख १२, ग १०. सर्वांत स्वस्त दिसणारा ‘क’ सर्वांत महाग निघाला. ‘ग’ पूर्ण घ्या, ८ उतरले. उरलेल्या ४साठी ‘ख’चे ४ ÷ ०.७५ म्हणजे ५.३३ मेगावॉट. १ मेगावॉट म्हणजे तासाला १,००० युनिट, म्हणून तासाचा खर्च ८०,००० आणि ४८,०००, मिळून १,२८,००० रुपये. नुसत्या दराच्या क्रमाने गेलात तर क, ग आणि थोडा ख मिळून १,५२,००० होतात. तासाला २४,००० रुपये निव्वळ क्रम चुकल्यामुळे. ‘ख’ला ५.३३ जमत नसेल, दोन भट्ट्या एकदमच बंद होत असतील, तर किमान टप्पा बोलीतच लिहून घ्या.

‘ग’ आणि ‘ख’ मिळून १५.३३ मेगावॉट मागणी कमी झाली की तेवढी निर्मितीही खाली यायला हवी, नाहीतर विचलनाचा, म्हणजे ठरल्या वेळापत्रकापासून ढळल्याचा, भुर्दंड बसतो. ‘गोपॅक्स’ म्हणूनच गर्दीच्या भागातल्या बोलीला बाहेरची उलटी बोली (मागणी कमी केली तर तेवढीच निर्मिती घटवण्याची किंवा मागणी वाढवण्याची) जोडते आणि दोन दरांतला फरक वाहिनीवाले भरतात.

भांडणे होतात ती आधाररेषेवरून. कारखान्याने कमी केले म्हणजे कशापेक्षा कमी? मागचे १० कामाचे दिवस, तेच १५ मिनिटांचे ब्लॉक, त्यांची सरासरी. भोसरी-चाकणकडे गुरुवारची सुट्टी असते; तो दिवस सरासरीत शिरला तर आधाररेषा खाली बसते आणि प्रामाणिक कारखान्याचे पैसे बुडतात. आधी बोली लागलेले दिवसही वगळा. उलट बाजूची लबाडी म्हणजे लिलावाचा वास लागताच आठवडाभर संध्याकाळी भट्टी जास्त चालवून रेषा फुगवणे. कॅलिफोर्नियात २००० साली व्यापाऱ्यांनी कागदावर खोटी गर्दी उभी करून ती सोडवण्याचे पैसे उकळले होते. बोलीदार दोन-तीनच असतील तर दराला कमाल मर्यादा घालाच. स्पर्धा आपोआप भाव पाडेल ही आशा इथे फोल आहे.

मीटर वाचताना सीटी-पीटीचा (प्रवाह आणि दाब मीटरला झेपेल इतका लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांचा) गुणक तपासा. मोटारी बंद आणि कपॅसिटर मात्र चालूच, असे झाले तर विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो, हेही बजावून ठेवा.

नऊ वाजताचे काय? सगळ्या भट्ट्या एकदम पेटल्या की नऊ ते साडेनऊत गर्दी परत, कदाचित आधीपेक्षा मोठी. करारातच लिहा: ‘ग’ नऊला, ‘ख’ सव्वानऊला, आणि प्रत्येकाने भार दोन ब्लॉकमध्ये चढवायचा.